आधी नकाशा, मग करंट

गेल्या रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे दोन्ही हात पाण्याच्या दोन ट्रेमध्ये बुडवून बसलो होतो. ट्रेच्या तळाशी धातूच्या पट्ट्या, पट्ट्यांना वायरी, वायरी एका छोट्या डब्याला आणि डब्यातून पंधरा मिलिअँपिअर करंट. वीस मिनिटं बसायचं. नाक खाजलं तरी हात बाहेर काढायचा नाही, काढला की चटका बसतो (अनुभवाचे बोल). आई चहा घेऊन आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, एवढा इंजिनिअर झालास आणि शेवटी काय, साबुदाण्यासारखे हात भिजत घालून बसतोस!"

तर मंडळी, मला हातांना घाम येतो. 'येतो' म्हणजे तुम्हाला मुलाखतीच्या आधी येतो तसा नाही. थेंब पडतात. एसीत बसून पडतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ईडी होतं (हल्लीची ती ईडी नव्हे, इंजिनिअरिंग ड्रॉइंग!), तेव्हा शीटवर हाताखाली रुमाल आणि रुमालाखाली वर्तमानपत्र ठेवून मी रेघा मारायचो, तरी आयसोमेट्रिक व्ह्यूवर पाणी पडलेलं असायचंच. कॅम्पसच्या मुलाखतीत समोरच्याने हात पुढे केला की माझी फाईल नेमकी त्याच वेळी खाली पडायची. आता ऑफिसात हजेरीचं बोटांच्या ठशांचं यंत्र मला दिवसातून दोनदा ओळख दाखवायला नकार देतं. हसण्यावारी न्यायचं म्हटलं तर नेता येतं, मीही बरीच वर्षं तेच केलं.

चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा बरे पैसे हातात आले, तेव्हा ठरवलं की ऑपरेशन करून टाकू. छातीत दुर्बीण घालून, मणक्याच्या शेजारून जाणारी सिंपथेटिक नर्व्हची साखळी तिसऱ्या-चौथ्या बरगडीपाशी कापायची. एका दिवसाचं काम, हात कायमचे कोरडे. आपल्या पाठ्यपुस्तकात या सिंपथेटिक मंडळींना 'अनुकंपी चेतासंस्था' म्हणतात. अनुकंपा तत्त्वावर सरकारी नोकरी मिळते हे ऐकलं होतं, माझ्या बाबतीत मात्र ही संस्था कधीच अनुकंपा दाखवत नव्हती.

माझा कॉलेजमधला रूममेट माझ्या आधी ते ऑपरेशन करून आला. त्यालाही हाच त्रास. हात खरोखर कोरडे झाले, अगदी कागदासारखे. पहिले दोन आठवडे तो भेटेल त्याच्याशी शेकहँड करत सुटला होता. मग उन्हाळा आला. हातांचा घाम गेला तो पाठीवर, पोटावर, मांड्यांवर उतरला. आज तो दिवसाला तीन शर्ट बदलतो, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये दोन इस्त्रीचे शर्ट ठेवतो. डॉक्टर याला भरपाईचा घाम म्हणतात. हा धोका कागदावर लिहिलेला असतो आणि त्याने सहीही केली होती. पण "होऊ शकतं" आणि "तुला होईल" यातला फरक ऑपरेशनच्या आधी कोणी सांगू शकलं नाही, कारण कोणाला तो माहीतच नव्हता.

मी माझ्या डॉक्टरांना विचारलं, "सर, नेमकी कुठली वायर कापणार? तिच्यावरून अजून काय काय जातं?" डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "बघ, हाताची, चेहऱ्याची आणि काही प्रमाणात हृदयाचीसुद्धा वाहतूक त्याच दोरीतून वर जाते. मी जागा बघून कापतो. प्रत्येकाची रचना थोडी वेगळी असते." मी घरी आलो आणि ऑपरेशन रद्द केलं. आयुष्यात एकदाच घाबरटपणाचा फायदा झाला असेल, तो हा.

'प्रत्येकाची रचना थोडी वेगळी' हे वाक्य मात्र डोक्यातून जाईना. मग वाचत सुटलो, आणि जे सापडलं त्याने कोणाही सॉफ्टवेअरवाल्याची झोप उडेल. अल्बर्ट कुंट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये दाखवलं होतं की दुसऱ्या बरगडीखालच्या नर्व्हमधून काही धागे मुख्य साखळीला बगल देऊन परस्पर हाताकडे जातात. काही लोकांत हा बायपास असतो, काहींत नसतो. साखळी व्यवस्थित कापूनही काहींचे हात ओले का राहतात, याचं एक उत्तर तिथे आहे. याहून मजेशीर म्हणजे पत्त्याचा घोळ. अनेक वर्षं एक सर्जन 'दुसरा गँग्लियन' कापला म्हणायचा, दुसरा 'दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधली दोरी' म्हणायचा, आणि दोघांच्या निकालांची तुलना व्हायची. शेवटी २०११ मध्ये अमेरिकेतल्या छातीच्या सर्जनांच्या संघटनेने सांगितलं की बाबांनो, गँग्लियन सोडा, कितव्या बरगडीवर कापलं तेवढं लिहा. म्हणजे २०११ पर्यंत पिनकोड नव्हता. 'मारुतीच्या देवळासमोर, पाण्याच्या टाकीमागे' या पत्त्यावर लोकांच्या नर्व्ह कापल्या जात होत्या!

आता मुद्द्यावर येतो. आज सगळीकडे चर्चा आहे ती कापण्याची नाही, करंट देण्याची. गोळीऐवजी नर्व्हला इलेक्ट्रोड लावायचा, ठरावीक ठोके द्यायचे आणि ब्लडप्रेशर, संधिवात, हृदयाचे बिघडलेले ठोके ताब्यात आणायचे. २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये यावर एक गाजलेला लेख आला, औषध कंपनीची माणसंही त्याच्या लेखकांत होती, आणि 'इलेक्ट्रोस्युटिकल्स' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. माझ्यासारख्याला ही कल्पना आवडणारच. कापलेली वायर परत जोडता येत नाही, करंट मात्र बंद करता येतो. रूममेटच्या छातीत कात्रीऐवजी एक स्विच असता तर? 'पाठ घामेजतेय, करा बंद.' बस्स.

पण माझं म्हणणं असं आहे की या क्षेत्रातला पैसा आणि कौतुक उलट्या टोकाला जातंय. डिव्हाइस बनवणाऱ्याला फंडिंग आणि मासिकाचं मुखपृष्ठ. वायरिंगचा नकाशा काढणारा बसलाय कुठल्यातरी तळघरात, मायक्रोस्कोपला डोळा लावून. आणि नकाशाशिवाय दिलेला करंट म्हणजे डॉक्युमेंटेशन नसलेल्या जुन्या सिस्टिमवर शुक्रवारी संध्याकाळी केलेलं डिप्लॉयमेंट. चाललं तर नशीब, नाहीतर शनिवार-रविवार गेला. इथे शनिवार-रविवार पेशंटचा जातो.

हे मी हवेत बोलत नाहीये. ब्लडप्रेशरचं उदाहरण घ्या. किडनीला रक्त नेणाऱ्या धमनीभोवती सिंपथेटिक नर्व्हचं जाळं असतं, ते जास्त बडबड करायला लागलं की प्रेशर चढतं. म्हणून मांडीतून एक बारीक कॅथेटर धमनीत न्यायचा आणि रेडिओ लहरींच्या उष्णतेने आतून ते जाळं भाजायचं. सुरुवातीच्या छोट्या प्रयोगांत निकाल इतके झकास आले की सगळे हवेत. मग अमेरिकेत मोठी चाचणी झाली, ५३५ पेशंट, आणि त्यातल्या काहींवर खोटं ऑपरेशन, म्हणजे टेबलावर झोपवून सगळं नाटक करायचं पण भाजायचं नाही. २०१४ मध्ये निकाल आला. खरं ऑपरेशन झालेल्यांचं वरचं प्रेशर सरासरी १४ ने उतरलं होतं. आणि नुसतं नाटक झालेल्यांचं? जवळजवळ १२ ने! फरक इतका किरकोळ की संख्याशास्त्राच्या हिशेबात शून्य.

त्याच वर्षी एका गटाने एक काम प्रसिद्ध केलं, जे खरं तर आधी व्हायला हवं होतं. वीस मृतदेहांच्या किडनीच्या धमन्या घेतल्या, त्यांचे पातळ काप केले आणि भोवतालच्या नर्व्ह एकेक करून मोजल्या. दहा हजारांवर नर्व्ह! धमनीच्या सुरुवातीला, जिथे डॉक्टर सोयीचं म्हणून भाजत होते, तिथे नर्व्ह संख्येने जास्त पण आतल्या पोकळीपासून लांब, सरासरी ३.४ मिलिमीटरवर. किडनीजवळ गेलं की कमी, पण जवळ, २.६ वर. म्हणजे बरीच उष्णता पोचतच नव्हती. शिवाय सगळ्या बाजूंनी नीट भाजलेले पेशंट मोजकेच निघाले. मग कॅथेटर बदलला, तो धमनीत स्प्रिंगसारखा वळून चारही बाजूंना टेकायला लागला, फांद्यांपर्यंत जाऊन भाजायचं ठरलं आणि नव्या चाचण्यांमध्ये थोडा पण खरा फरक दिसला. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा दोन यंत्रांना परवानगी दिली. एक अल्ट्रासाउंडवालं, एक हे रेडिओ लहरींवालं.

वीस मृतदेह, मायक्रोस्कोप आणि चिकाटी. ५३५ जिवंत माणसांना टेबलावर घेण्याआधी हे का नाही सुचलं? सुचलं असेलही कोणाला. पण 'आम्ही फक्त मोजणार आहोत' म्हटल्यावर कोण पैसे देतो? आमच्याकडेही 'आधी दोन आठवडे जुना कोड वाचतो' म्हटलं की मॅनेजरचा चेहरा तसाच होतो.

आणि गंमत बघा, आता त्याच धमनीत काही गट भाजण्याआधी आतून हलका करंट देऊन बघतात. प्रेशर वर उसळलं तर इथे हवी ती नर्व्ह आहे, भाजा. काही ठिकाणी करंट दिल्यावर प्रेशर चक्क खाली येतं. ती जागा भाजली तर आपण ब्रेकची वायर जाळली! म्हणजे करंटचा पहिला उपयोग उपचार नाही, शोध आहे. आमच्या भाषेत डीबगिंग.

ही युक्ती नवी मुळीच नाही. १८५१ मध्ये क्लोद बेर्नार यांनी सशाच्या मानेतली सिंपथेटिक नर्व्ह कापली, तर त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला. पुढच्या वर्षी ब्राउन-सेकार यांनी तीच नर्व्ह कापून तिच्या टोकाला करंट दिला आणि कान पांढरा, गार पडला. कापलं की एक, करंट दिला की उलट. पण खरा दर्दी माणूस म्हणजे केंब्रिजचे जॉन लँगली. त्यांना हवं होतं की कुठली वायर कुठल्या गँग्लियनमध्ये थांबून दुसऱ्या वायरीला निरोप देते आणि कुठली नुसती आरपार जाते. त्यांनी काय करावं? गँग्लियनवर ब्रशने निकोटिन लावायचं आणि अलीकडून करंट द्यायचा. परिणाम बंद पडला तर जोड इथे आहे. चालूच राहिला तर ही वायर फक्त इथून जाते, पुढचं स्टेशन बघा. हा तर ब्रेकपॉइंट झाला, तोही १८८९ मध्ये! पुढे मांजरीच्या कोणत्या गँग्लियनला करंट दिला की पाठीवरच्या कोणत्या पट्ट्यातले केस उभे राहतात, याचे नकाशे त्यांनी काढले. 'ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिम' हे नावही त्यांचंच, १८९८ चं. मला हे वाचून इतका आनंद झाला की टीममध्ये सगळ्यांना सांगितला. कोणालाही झाला नाही. असो.

मग सव्वाशे वर्षांत नकाशा पूर्ण का नाही झाला? एक तर या वायरी भयंकर बारीक. गँग्लियनच्या पुढच्या बहुतेक धाग्यांवर मायलिनचं इन्सुलेशन नाही, निरोप सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने चालत जातो. दुसरं, एक वायर गँग्लियनमध्ये शिरते आणि बाहेर पडताना डझनावारी वायरींना जागं करते, त्यामुळे 'ही वायर म्हणजे हा अवयव' असं सरळ कोष्टक मांडता येत नाही. आणि तिसरी अडचण इलेक्ट्रिकलवाल्यांच्या लक्षात लगेच येईल. मिश्र नर्व्हला बाहेरून करंट दिला की आधी जाड, इन्सुलेशनवाल्या वायरी पेटतात. बारीक सिंपथेटिक धाग्यांपर्यंत पोचायला करंट वाढवत न्यावा लागतो, तोवर शेजारचे स्नायू उड्या मारायला लागतात किंवा माणूस ओरडायला लागतो. म्हणजे कुठे इलेक्ट्रोड लावला तर फक्त हव्या त्याच वायरी हाताला लागतील, हे माहीत नसेल तर डिव्हाइस कितीही भारी असो, ते आंधळंच.

याच्या विरुद्ध बाजूही आहे, आणि ती कच्ची नाही. माझा टीम लीड म्हणतो, "अरे, चालतंय ना? मग झालं. पॅरासिटामोल कसं काम करतं हे तरी कुठे पूर्ण माहितीये?" त्याच्या बाजूचा पुरावा गेल्याच वर्षीचा आहे. जुलै २०२५ मध्ये एफडीएने संधिवातासाठी मानेतल्या व्हेगस नर्व्हवर बसवायच्या एका इम्प्लांटला मान्यता दिली. २४२ पेशंटची चाचणी, बारा आठवड्यांनी ठरलेली सुधारणा चालू यंत्रवाल्यांपैकी ३५ टक्क्यांत, बंद ठेवलेल्यांत २४ टक्क्यांत. ज्यांना औषधं लागू पडली नाहीत अशा लोकांसाठी हे थोडं नाही. आणि यामागचा नकाशा? केविन ट्रेसी यांनी २००२ मध्ये मांडला की दाह शमवणारा निरोप व्हेगसमधून निघतो. पुढे त्यात प्लीहेकडे जाणारी सिंपथेटिक नर्व्ह जोडली गेली. मेलबर्नच्या मॅकॲलन आणि मार्तेल्ली यांनी २०१४ मध्ये उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांवर दाखवलं की शरीर स्वतःहून दाह आवरतं तेव्हा तो निरोप व्हेगसमधून नाही, पोटातल्या सिंपथेटिक वायरींमधून जातो. व्हेगस कापा, फरक पडत नाही. सिंपथेटिक कापा, पडतो. म्हणजे यंत्राला परवानगी मिळाली तरी वाटेवरचं भांडण मिटलेलं नाही.

मग मी हरलो का? मला नाही वाटत. ३५ आणि २४ मधलं अंतर बघा, आणि उरलेल्या ६५ जणांचा विचार करा. निरोप कुठल्या रस्त्याने जातो हे पक्कं कळलं, तर इलेक्ट्रोड मानेतल्या मोठ्या केबलवर ठेवायचा की प्लीहेजवळच्या छोट्या वायरीवर, हा निर्णय तरी अंदाजाने घ्यावा लागणार नाही. प्लीहेवाल्या रस्त्यावर वेगळी कंपनी वेगळं इम्प्लांट घेऊन कामाला लागलेलीच होती. पॅरासिटामोलचं म्हणाल तर ती गोळी सहा तासांत उतरते. गळ्यापाशी शिवलेलं यंत्र उतरत नाही.

आणि नकाशा नसला की बाजार कसा भरतो, त्याचा नमुना आमच्या ऑफिसातच आहे. एका सहकाऱ्याने जाहिरात बघून 'व्हेगसला करंट देऊन सिंपथेटिक ताण उतरवणारी' कानाची क्लिप घेतली. तो ती कानाच्या पाळीला लावून स्टँडअपला बसतो. कानात व्हेगसची एक फांदी येते हे खरं आहे. ती येते कानाच्या वाटीसारख्या खोलगट भागात. पाळीत नाही. खऱ्या चाचण्यांमध्ये पाळीला क्लिप लावतात ती खोटा उपचार म्हणून! आणि कानाच्या ज्या नकाशाचा सगळे हवाला देतात, तो २००२ चा, सात मृतदेहांच्या चौदा कानांचा. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "पण मला बरं वाटतं." यावर काय बोलणार?

चांगली बातमी अशी की मोजणारी माणसं आहेत. अमेरिकेच्या एनआयएचने गेल्या दशकात 'स्पार्क' नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात अवयवांकडे जाणाऱ्या नर्व्हचे नकाशे काढायचे आणि ते सगळ्यांसाठी खुले ठेवायचे असं ठरलं. अवयव काचेसारखा पारदर्शक करून आतल्या नर्व्ह रंगवायच्या, त्रिमितीत स्कॅन करायच्या, आणि डेटा वेबसाइटवर टाकायचा. लॉस एंजेलिसमध्ये कल्याणम शिवकुमार आणि त्यांचे सहकारी हृदयाकडे जाणाऱ्या सिंपथेटिक वायरींचा असाच माग काढत आलेत, कारण ज्यांचं हृदय पुनःपुन्हा धोकादायक वेगाने धावत सुटतं त्यांच्यात याच वायरी कापाव्या लागतात. आणि हृदयाची आणि माझ्या तळहाताची वायर छातीत एकाच दोरीतून वर चढते! मी मधूनमधून तो खुला डेटा उघडून बघतो. फोल्डरांची नावं वाचवत नाहीत, मेटाडेटा डोकं उठवतो, पण तिथे निदान लिहिलेलं असतं की हा धागा कुठल्या प्राण्याचा, कुठून कुठे गेला आणि कोणी बघितला.

तोवर माझे ट्रे आहेत. हा नळाच्या पाण्याचा उपचार अनेक दशकांपासून छापील स्वरूपात आहे आणि तो नेमका का चालतो यावर डॉक्टरांचं आजही एकमत नाही. (हो, लीडने हे माझ्या तोंडावर मारलंच. माझं उत्तर एवढंच की ट्रेमधून हात काढले की उपचार संपतो.) ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी किंवा गर्भवतींनी याच्या वाटेला जायचं नाही, बाकीच्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरच्या चार्जरला वायरी जोडू नयेत, ही विनंती खास माझ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांना. एक टिप मात्र देतो. आरओचं पाणी घेऊ नका, त्यात आयन इतके कमी की करंट नीट जातच नाही. मी दोन महिने 'स्वच्छ' म्हणून तेच वापरत होतो आणि मशीनला शिव्या देत होतो. कॉर्पोरेशनच्या पाण्यावर आलो आणि तीन आठवड्यांत हात कोरडे.

रूममेटला परवा फोन केला होता. नर्व्ह परत जोडायच्या एका ऑपरेशनबद्दल त्याने वाचलंय, खात्री कोणीच देत नाही. मला म्हणाला, "तू वाचतोस ना ते सगळं, बघ जरा. माझं नेमकं काय कापलंय ते कुठे कळेल का?" त्याच्या फाईलमध्ये ऑपरेशनच्या कागदावर एकच ओळ आहे, 'दोन्ही बाजूंची साखळी कापली'. बरगडीचा नंबर नाही.